फट बुजवणाऱ्याचे धोतर

गुरुवार, दिनांक १९ फेब्रुवारी १९८७. सकाळचे सव्वासात वाजले आहेत. उपड्या होडीखाली बसून, फळ्यांमधून कुठे उजेड आत येतो का, ते बघतो आहे.

तीर्थस्वरूप तोताराममामा यांच्या चरणी अभिमनचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण होडीखाली आठही अंगे एकदम टेकवायला जागा नाही, आणि न घातलेला नमस्कार घातला असे लिहिणे मला बरे वाटत नाही.) भुसावळला सर्व मंडळी खुशाल असावीत. मामींचा गुडघा थंडी सरल्यावर मोकळा झाला असेल. तुमची रात्रपाळी संपली की अजून चालू आहे, आणि कॉलनीतल्या नळाला आता तरी दिवसा पाणी येते का, ते कळवावे. इकडे आई बरी आहे. मी बरा आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून मी बरा आहे.

खरे सांगायचे तर मामा, मी फार घाबरलेलो आहे. येत्या गुरुवारी महाशिवरात्र. त्या दिवशी सकाळी ही होडी पाण्यात उतरेल आणि पहिल्या फेरीला मला तिच्या तळाशी मांडी घालून तापी ओलांडायची आहे. मला पोहता येत नाही. होडीच्या फटी मी बुजवल्या आहेत. या दोन वाक्यांतले कोणते जास्त भीतीदायक आहे, ते मला अजून ठरवता आलेले नाही. सकाळी पहिले वाटते आणि जेवण झाल्यावर दुसरे. तापी पूर्वी या दिवसांत बैलगाडीला वाट द्यायची, हे तुम्ही पाहिलेले आहे. आता धरणाचे पाणी मागे फुगून आल्यापासून मधल्या पात्रात बांबू टेकत नाही. होडीच्या मालकीण सुगंधाबाई, त्यांचे दीर चुडामण होडी वल्हवतात, त्यांना मी खोलीविषयी विचारले. ते म्हणाले, "तळ लागत नही भो, पन त्याचं भेव काबरं धरतो? होडी अडकते ती तळ लागल्यावर." त्यांनी हे मला धीर देण्यासाठी सांगितले होते.

पण सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल की माझे डोके फिरले. नववीनंतर मी रंगकाम धरले हे तुम्हाला ठाऊक आहेच. बैलगाड्यांची चाके, दुकानांच्या पाट्या, केळीच्या ट्रकमागचे मोर. या धंद्यात मी सुखी होतो. पाटीवर ऱ्हस्वदीर्घाची चूक राहिली तर रात्री झोप लागत नाही एवढाच त्रास, कारण पाटी फक्त वाचायची असते, तिच्यात कोणी बसत नाही. दूध डेअरीच्या पाटीवरची माझी अक्षरे सुगंधाबाईंनी पाहिली. (आमच्या गावाखालच्या घाटावर होडी चालते ती त्यांची. यजमान वारल्यापासून घाट त्याच बघतात. बुटक्या आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा बोलायला लावण्याची कोणाची छाती होत नाही.) यात्रेला माणसे नदीपार चांगदेवला जातात, तीच त्यांची वर्षाची सुगी. त्यांनी मला बोलावून विचारले, होडी रंगवशील का. मी म्हणालो, रंगवतो. मनात लगेच निळा रंग आला, काठाला पांढरी पट्टी. घरी येताना मी चक्क गुणगुणत होतो, असे आई सांगते.

दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे घेऊन घाटावर गेलो. होडी वाळूत, विटांवर उपडी घातलेली होती. फळ्यांमधल्या फटी अशा, की एका फटीतून मला पलीकडे पाणी पिणारी म्हैस दिसली, शिंगांसकट. सुगंधाबाई डब्यांकडे बघून म्हणाल्या, "रंग आखरीले. आधी फटी बुजव, मंग तळ सारखा कर, अस्तर मार, मंग रंग." हे काम इतकी वर्षे रुपचंदबाबा करीत. ते आता सुरतेला मुलाकडे राहायला गेले आहेत. मला तेव्हाच डबे उचलून परत फिरता आले असते. पण मामा, होय म्हणून झाल्यावर नाही म्हणायला जे काही लागते ते आपल्या घरात फक्त आईकडे आहे.

आता फटी कशा बुजवतात ते सांगतो, म्हणजे मी कुठे घसरलो ते कळेल. कापसाची वळकटी करायची, जवसाच्या तेलात कढवलेल्या राळेत बुडवायची, आणि बोथट पटाशीने ठोकून फटीत बसवायची. वरून खडूची पूड आणि बेलतेल, म्हणजे रंगाऱ्याचे उकळलेले जवसाचे तेल, मळून केलेली लांबी भरायची. (गाडीच्या चाकातले खळगे भरायला मी हीच वापरतो, त्यामुळे तिच्याबद्दल माझी खात्री होती. घात खात्रीनेच झाला.) रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, बाजारातून आणावी लागते. कापूस मात्र घरात होता, वेचणीचा, सरकीसकट. सरकी काढायला बसलो आणि विचार सुरू झाला. आठवीच्या शास्त्राच्या पुस्तकात एक चित्र होते. बाटलीत हरभरे भरून पाणी घातले, बूच घट्ट लावले, आणि हरभरे फुगून बाटली फुटली. मी म्हटले, फळी पाण्यात फुगते हे तर सगळेच सांगतात. तिच्याजोडीला फटीतली सरकीही फुगली, तर दोन्ही बाजूंनी दाब येऊन थेंब आत जायचा नाही. मला हे इतके पटले की मी काढून ठेवलेली सरकीसुद्धा परत कापसात घातली. फुगल्यानंतर बियांचे पुढे काय होते, ते बहुधा नववीच्या पुस्तकात असावे, आणि नववीत मी थांबलो.

असा सगळा तळ बुजवला, वर लांबी फिरवली आणि हात धुवत होतो, तेव्हा सुगंधाबाई येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. मग विचारले, "तुह्याकडं पांढरं धोतर हाये का?" मला वाटले मजुरीबरोबर धोतरजोडी देणार. मी संकोचाने म्हणालो, नाही, पण कशाला उगीच तसदी. त्या म्हणाल्या, "तसदी कशाची. बसाले लागंन ना." मग त्यांनी घाटाची रीत सांगितली, आणि ती सांगताना त्या होडीच्या काठावरचा चिखल नखाने खरवडत होत्या, जणू काही विशेष बोलत नाहीत. ज्याने फट बुजवली, त्याने फटीवर बसायचे. होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला तो तळाशी बसतो, बसायच्या फळकुटावर नाही, अंगावर पांढरे धोतर, आणि हातात वल्हे घ्यायचे नाही. पलीकडे पोचल्यावर काठावर उतरून लोकांकडे पाठ करून उभे राहायचे. लोक धोतर बघतात. कोरडे असले तर नारळ फुटतो आणि माणसे होडीत चढतात. ओले असले तर कोणी काही बोलत नाही, पण त्या यात्रेत त्या होडीत कोणी चढत नाही. बायाबापड्या, लेकरे, सगळी वरच्या घाटाने जातात. रुपचंदबाबा म्हणे तळाशी बसले की त्यांना झोप लागायची आणि पलीकडे हलवून उठवावे लागायचे.

मी विचारले, बसणाऱ्याला पोहता येत नसेल तर. (मी हे दुसऱ्या कोणाबद्दल विचारतो आहे अशा आवाजात विचारले.) सुगंधाबाई म्हणाल्या, "येत नसंन तं चांगलंच. तो काम नीट करते."

मी त्यांना मजुरी नको म्हणालो. त्या म्हणाल्या मजुरी वेगळी, बसणे वेगळे. मी म्हणालो, मी काठाच्या फळकुटावर बसतो, धोतर दोरीला बांधून तळाशी सोडू. चुडामणभाऊ हसता हसता वाळूत बसले आणि तेव्हापासून घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही युक्ती सांगितली आहे. काल एक ओळखदेख नसलेला यावलचा माणूस मला थांबवून विचारीत होता, दोरी सुती घेणार की नायलॉनची.

त्या दिवसापासून मामा, माझी भूक गेली आणि मी होडी ओली ठेवू लागलो. फळ्या उन्हाने वाळतील, आखडतील, लांबी तडकेल, आणि तडा नेमका मधल्या पात्रात उघडेल, असे मला दिसायचे. सुलटी करून आत पाणी भरून पाहिले. ते कुठून कुठून बाहेर आले ते लिहीत नाही, मामी पत्र वाचतील. पुन्हा उपडी घातली, गळले तिथे लांबी भरली आणि सगळ्या तळावर भिजवलेली गोणपाटे अंथरली. सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी. इतकी निगा मी आजारी माणसाचीही केली नसती. चुडामणभाऊ विचारायचे, "आज तिले बरं वाटते का?"

तिला बरे वाटत नव्हते. एका सकाळी गोणपाट उचलले तर फटींच्या रेघांवर, लांबीला फोड आलेले. एक नाही, दोन नाही, रांगेने, हरभऱ्याएवढे, तुकतुकीत. दुपारपर्यंत वाढले. मी धावत जाऊन सुगंधाबाईंना आणले. त्यांनी फोडांवरून हलकेच बोट फिरवले, हात मागे घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "माता आल्या." होडीला मामा. कांजण्या येतात तशा. मी म्हणालो, लाकडाला कशा येतील. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी दुसऱ्यांदा विचारले नाही. मनातून मलाही ते पटले होते, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही, कारण दुसरा कोणताच खुलासा माझ्यापाशी नव्हता, आणि भ्यालेल्या माणसाला खुलाशावाचून राहवत नाही.

मग माता आल्यावर घरात जे जे पाळतात ते सगळे घाटावर सुरू झाले. होडीच्या चारी बाजूंना कडुनिंबाचे डहाळे. हळदीचे पाणी. तळाला हत्यार लावायचे नाही, पॉलिश पेपरचा तर उच्चारही नाही. होडीजवळ भांडायचे नाही. फोडणीचा चर्र आवाज तिच्या कानी पडू नये, म्हणून घाटावरच्या तीन झोपड्यांत बिनफोडणीचे वरण शिजू लागले, आणि त्याचा राग सगळ्यांनी माझ्यावर काढला, तोही हळू आवाजात, कारण भांडायचे नव्हते. आईने घरून दहीभात आणून होडीपुढे ठेवला. यात्रा जवळ येत होती, होडी आजारी होती, आणि मी तिच्या उशाशी बसून निंबाच्या डहाळीने माश्या वारीत होतो. मी त्या मातेला एकच मागणे मागितले, की बाई, यायचे तर आत्ता ये, मधल्या पात्रात येऊ नको.

पाच-सहा दिवसांनी फोड फुटले आणि प्रत्येकातून दोन दोन हिरवी पाने वर आली.

पाने आधी चुडामणभाऊंनी ओळखली. ते वाकले, एक रोप चिमटीत धरून पाहिले, तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कपाशी हाये. दोन झाडातलं अंतर मात्र ब्येस राखलं रे भो. आता निंदनी कधी करतो?" दिवस मावळायच्या आत अर्धे गाव पीक बघून गेले. एकाने विरळणी करायचा सल्ला दिला. एकाने विचारले, हे कोरडवाहू की बागायती. सुगंधाबाईंनी कडुनिंबाचे डहाळे गोळा करून चुलीत घातले आणि फोडणी केली. तिचा आवाज मला होडीपाशी ऐकू आला. मला तेव्हा कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

सगळे उकरून काढावे लागले. लांबी, राळ, कापूस, पीक. पण राळेत बुडालेली सरकी काळी होते, फटही काळी असते, एखादी मागे राहिली तर पुन्हा पेरणी. इथे मला चुडामणभाऊंच्या शेळीचा उपयोग झाला. सरकीवर जनावर कसे जीव टाकते ते तुम्ही जाणता. शेळीला तळावर चढवले. ती फटीफटीने हुंगत जायची, आणि जिथे थांबून खुराने उकरायची तिथे सरकी निघायचीच. एकदाही चुकली नाही. शेवटी ती सगळा तळ फिरून आली आणि कुठेही न थांबता खाली उतरली, तेव्हा मी माघ महिन्यातला पहिला सुखाचा श्वास घेतला. (तिने मळून ठेवलेली बेलतेलाची लांबीही अर्धी खाल्ली. तिला काही झाले नाही. चुडामणभाऊ म्हणतात, आता ती गळत नाही.)

मग बाजारातून रुई आणली. एकेक मूठ उजेडात धरून पिंजली, बोटांनी चाचपली, वळकट्या वळल्या, कढत्या राळेत भिजवल्या, ठोकल्या. या वेळी ठोकताना पटाशीचा आवाज बदलेपर्यंत थांबलो नाही. पोकळ जागी तो ढब ढब येतो आणि भरल्यावर टणक होतो. वर लांबी भरली. ती वाळल्यावर तळ सारखा करायला घेतला. बांबूची लांब, लवचीक कामटी घ्यायची, तिला गेरू फासायचा आणि तळावरून वाकवून फिरवायची. जिथे उंचवटा तिथे लाल लागते, जिथे खळगा तिथे लागत नाही. लाल ते घासायचे, कोरे ते भरायचे. पुन्हा गेरू, पुन्हा कामटी. असे करता करता एक वेळ अशी येते की सगळीकडे सारखी लाली उमटते. तळहात फिरवला तर फळी कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली, ते डोळे मिटून सांगता येत नाही. चुडामणभाऊ बिडी ओढत विचारायचे, "पान्याखालचं कोन पाहीन रे? मासोया?" माझ्या डोळ्यांसमोर मासे नव्हते, मी होतो. उंचवट्यावर पाणी आपटते, तिथली लांबी आधी सुटते, लांबी सुटली की राळ, राळ सुटली की मी. असा सगळा हिशेब उलटा, माझ्यापासून फळीपर्यंत, माझ्या डोक्यात चालू असतो.

अस्तराचा पातळ हात काल मारला. रंग उद्या. पण त्याआधी आज उजाडताच होडीखाली शिरलो आणि उजेडाचे ठिपके शोधतो आहे, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणीही येईल. हे पत्र मांडीवर ठेवून लिहितो आहे. लिहायला सुरुवात केली तेव्हा तुमच्या नावावर, तोताराममधल्या दुसऱ्या अक्षरावर, एक ठिपका पडला होता. बाहेर जाऊन तिथे लांबी भरली. परत आलो तर ठिपका होताच, आता मामींच्या गुडघ्यावर. पुन्हा बाहेर गेलो. तिसऱ्या वेळी लांबी भरून आल्यावर लक्षात आले की तो उजेड फळीतून येत नव्हता. काठाखालच्या मोकळ्या जागेतून ऊन आत येऊन बेलतेलाच्या डब्याच्या झाकणावरून उसळून कागदावर पडत होते. तोवर धडधाकट फळीवर मी तीन थर चढवले होते. ते आता घासून काढायचे. (या क्षणी चुडामणभाऊ होडीवर बसलेले आहेत. वरून विचारतात, "कोनाले लिहून राह्यला? यमाले का?" मी म्हणालो, मामांना. ते म्हणाले, "एकच हाये. दोघं रेडा घेऊनच येतात." तुमच्या लग्नाच्या वरातीतल्या रेड्याचे त्यांना कोणी सांगितले, मला माहीत नाही.)

असे सगळे आहे. काठाखालची मोकळी जागा गोणपाटांनी बंद केली तेव्हापासून आत पूर्ण अंधार आहे आणि ही ओळ मी अंदाजाने लिहितो आहे. अंधार आहे म्हणजे फट नाही. एवढा चांगला अंधार मी आजवर पाहिला नव्हता. तरी उजेडाला जी फट सापडत नाही ती पाण्याला सापडते की काय, हे मला कोणी सांगेल का? तुम्ही रेल्वेत आहात, तुमच्याकडे बॉयलर असतात, तुम्हाला ठाऊक असेल.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद. चुकले असेल ते माफ करावे, शुद्धलेखन अंधारामुळे तपासता आलेले नाही.

तुमचा भाचा,
अभिमन

ता. क. पत्र लिहिण्याचे खरे कारण राहिलेच. बुधवारी दुपारपर्यंत मला पोचेल अशी एक तार करावी. मजकूर: "मामा सीरियस, अभिमनला ताबडतोब पाठवा." तार बघून कोणी अडवणार नाही. मी लगेच एदलाबादहून बस धरीन आणि महाशिवरात्र तुमच्याकडे करीन. मामींना आधी कल्पना द्यावी, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

ता. क. दुसरा. तार करू नये. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आई घाटावर भाकरी घेऊन आली. मी काही बोललो नव्हतो, पण ती माझ्या तोंडाकडे बघून सरळ सुगंधाबाईंकडे गेली आणि विचारून आली, की बुजवणारा ऐन वेळी नसला तर रीत काय. रीत अशी, की त्याच्या घरचे माणूस बसते. आई म्हणाली, मग मी बसते, त्याचे काम मी पाहिले आहे. एवढे बोलून तिने मला भाकरी वाढली. ती खरेच बसेल मामा, तुमची बहीण आहे. तिने तळावरून एकदा हात फिरवला होता, डोळे मिटून, आणि फळ्यांचे सांधे तिला सापडले नव्हते, तेवढ्यावर ती बसायला तयार आहे. मी जेवलो. मग आत जाऊन आणखी एकदा सगळा तळ वाजवून पाहिला, या वेळी आईच्या वजनाच्या हिशेबाने. पळायचे रद्द केले आहे. मी बसतो.

ता. क. तिसरा. सुगंधाबाईंनी आत्ता आणखी एक सांगितले. बुजवणारा बिनलग्नाचा असेल तर, जसा लग्नात नवऱ्यामागे मामा उभा राहतो तसा, पहिल्या फेरीला त्याच्या पाठीमागे, त्याच फटीवर, त्याचा मामा बसतो. तेव्हा बुधवारी संध्याकाळच्या बसने निघून यावे. पांढरे धोतर आणावे. वर पानेच्या पाने जे लिहिले आहे ते सगळे जुने समजावे. होडी उत्तम झाली आहे, थेंब येणार नाही, सरकीचे तर नावही काढू नये. मामींना पत्र वाचायला देताना हेच पान द्यावे. तुम्हाला पोहता येत असल्यास उलट टपाली कळवावे. येत नसल्यास कळवू नये, मला तेवढाच धीर राहील.